ऑनलाइन गाण्याच्या शिकवणीत तानपुरा का गायब होतो, आणि त्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या फोंडा भागातल्या एक गायन शिक्षिका झूमवर शिकवतात. विद्यार्थी कुणी दुबईत, कुणी लंडनला, एकदोघे पुण्यात. तानपुरा लावला की दोन-चार सेकंद ऐकू येतो आणि मग विरून जातो, अशी सगळ्यांची तक्रार. पेटी मध्येच फुगते, मध्येच दबते. डग्गा तर पोचतच नाही. विद्यार्थ्याबरोबर ठेका धरला की तो मागे पडतो. चांगला माइक आणूनही काही फरक पडला नाही. त्या विचारतात, आता आणखी भारी माइक घेऊ की इंटरनेट बदलू?

ताई, दोन्ही नको. रोग रेड्याला आणि औषध पखालीला असं चाललंय. तुमचा माइक तानपुरा व्यवस्थित पकडतोय, पुढे झूम तो फेकून देतंय. तेही चुकून नव्हे, अगदी ठरवून.

झूम, मीट, टीम्स ही सगळी मंडळी माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेली आहेत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलणं हवं असतं. पंखा, एसी, बाहेरच्या जनरेटरची घरघर नको असते. आता पंखा कुठला आणि माणूस कुठला हे यंत्राने ओळखायचं कसं? बोलण्यात चढउतार असतात, मध्ये मध्ये थांबे असतात. पंखा मात्र एकसारखा, न थांबता चालू. म्हणजे जे एकसारखं चालू आहे तो गोंगाट, तो वजा करा. ही युक्ती जुनीच आहे. 1979 मध्ये स्टीव्हन बोल यांनी बोलणं थांबलेलं असताना मागचा आवाज मोजायचा आणि मग एकूण आवाजातून तेवढा भाग काढून टाकायचा, अशी पद्धत मांडली होती. आजची सॉफ्टवेअर त्याच्या कितीतरी पुढे गेली आहेत. बोलण्याचे आणि गोंगाटाचे ढीगभर नमुने ऐकवून ती तयार केलेली असतात. पण त्यांनाही राखायचं असतं ते बोलणंच.

आणि तानपुऱ्याचं लक्षण काय? न थांबता, एकसारखा, त्याच सुरांवर. यंत्राच्या हिशेबी तुमचा तानपुरा म्हणजे छताला टांगलेला पंखा. पहिले दोन-चार सेकंद त्याला अंदाज घ्यायला लागतात, तेवढाच वेळ तो तुमच्या विद्यार्थ्याला मिळतो. लांबवलेल्या षड्जाचंही कधी कधी हेच होतं. विद्यार्थी तिकडे सूर धरून बसलेला असतो आणि तुम्हाला वाटतं त्याचा दम तुटला.

पेटीचा दोष वेगळा. तिथे आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय काम करते. हळू बोलणाऱ्याचा आवाज वाढवायचा, ओरडणाऱ्याचा कमी करायचा, असा तिचा उद्योग. तुम्ही गाता गाता थांबलात की तिला वाटतं आवाज पडला, ती पेटी वर उचलते. तुम्ही तार षड्जाला गेलात की घाबरून सगळंच खाली ओढते. ज्या नाट्यपदाची मजा जोरकस तानेतून एकदम हळुवार जागेवर उतरण्यात आहे, त्याची ती इस्त्री करून टाकते. केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज 1977 मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीतून सूर्यमालेबाहेरच्या प्रवासाला निघाला; आणि आपल्याला फोंड्याहून दुबईपर्यंत एक मींड धड पोचवता येत नाही, ती या असल्या मदतनिसांमुळे.

तर पहिलं काम, हे मदतनीस एकेक करून रजेवर पाठवायचे. लॅपटॉपवर झूम उघडून सेटिंग्जमध्ये ऑडिओ या भागात जा. तिथे बॅकग्राउंड नॉइज रिमूव्हल निवडलेलं असेल. त्याऐवजी ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ निवडा. त्याखाली तीन चौकोन येतात. ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ला खूण करा. झूमने ही सोय 2020 मध्ये आणली, कारण लॉकडाउनमध्ये जगभरचे संगीतशिक्षक याच कारणाने वैतागले होते. यात आवाजावरची काटछाट थांबते आणि आवाज 48 किलोहर्ट्झ, मोनो असेल तर सेकंदाला 96 किलोबिट या दर्जाने जातो. आकडा ऐकून दचकू नका. व्हिडिओला लागतं त्याच्या मानाने हे काहीच नाही. तुमचं सध्याचं कनेक्शन त्याला पुरून उरेल. ‘स्टिरिओ’ला खूण करू नका. एकच माइक असताना स्टिरिओने काही साधत नाही, उगाच दुप्पट डेटा जातो. तिसरा चौकोन ‘एको कॅन्सलेशन’चा, त्याचं पुढे सांगतो, ती गोष्ट जरा मोठी आहे.

माइकच्या पट्टीखालीच ‘ऑटोमॅटिकली अ‍ॅडजस्ट मायक्रोफोन व्हॉल्यूम’ लिहिलेलं दिसेल. ती खूण काढा. मग पेटी घेऊन तुमच्या नेहमीच्या जोराने तार सप्तकात एक तान घ्या आणि माइकची पट्टी अशा जागी ठेवा की त्या तानेलाही हिरवी रेघ टोकाला आपटणार नाही. एकदा जागा ठरली की तिला हात लावायचा नाही. मंद्रात आवाज बारीक वाटला तरी वाटू दे, तो बारीकच असतो.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. सेटिंग्जमध्ये हे निवडलं म्हणजे ते लागू झालं असं नाही. मीटिंग सुरू झाल्यावर खिडकीच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ असं बटण दिसतं आणि त्यापुढे ऑन किंवा ऑफ. ते ऑन दिसलं पाहिजे. दर वर्गाला ते एकदा बघायची सवय लावा. माइक बदलला, लॅपटॉप बदलला, झूम अपडेट झालं, की ते गुपचूप ऑफ झालेलं असू शकतं. या बटणाचा फायदाही आहे. पालकांशी फीबद्दल किंवा परीक्षेबद्दल बोलायचं असेल, बाहेर कुत्री भुंकत असतील, तर तेवढ्यापुरतं ऑफ करा. देवस्थान समितीची मीटिंग झूमवर असेल तर हे सगळं विसरून जा. तिथे झूमची नेहमीची काटछाटच बरी.

टीम्समध्ये याच जातीची सोय ‘हाय फिडेलिटी म्युझिक मोड’ नावाने डिव्हाइसेसच्या सेटिंगमध्ये आहे. मीटमध्ये ऑडिओच्या सेटिंगमध्ये आवाज स्वच्छ करणारं बटण दिसलं तर ते बंद करायचं. आपल्या कामाचं तिथे एवढंच. तुम्हाला निवड असेल तर गाण्यासाठी झूमच ठेवा.

एक गोष्ट लक्षात ठेवा: काटछाट ज्याच्याकडून आवाज निघतो त्याच्याकडे ठरते. तुम्ही तुमचं सेटिंग बदललं की विद्यार्थ्याला तुम्ही नीट ऐकू याल. पण विद्यार्थी तुम्हाला नीट ऐकू यायचा असेल तर त्याच्याकडेही हेच सगळं करायला हवं. बहुतेक शिक्षक आपल्याकडचं करून थांबतात आणि मग ‘माझं पोचतं, त्याचं येत नाही’ म्हणून हैराण होतात. पहिल्या वर्गाची पंधरावीस मिनिटं गाणं बाजूला ठेवून एवढ्यासाठीच द्या. लहान विद्यार्थी असेल तर आईला किंवा बाबाला शेजारी बसवा.

आता एको कॅन्सलेशन. तुमचा आवाज विद्यार्थ्याच्या स्पीकरमधून बाहेर पडतो, त्याच्या माइकमध्ये शिरतो आणि परत तुमच्याकडे येतो. ते थांबवण्यासाठी सॉफ्टवेअर स्पीकरमधून काय बाहेर पडलं ते लक्षात ठेवतं आणि माइकमध्ये तेच ऐकू आलं की पुसून टाकतं. बोलण्यात हे खपून जातं, कारण एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो. गाण्यात मात्र दोघांकडे तानपुरा एकाच पट्टीत, दोघांचे सूर तेच. यंत्राला कळत नाही की हा षड्ज परत आलेला आहे की विद्यार्थ्याने स्वतः लावलेला. मग ते विद्यार्थ्याचाच षड्ज पुसायला लागतं. म्हणून दोघांच्या कानाला हेडफोन हवाच, आणि तोही वायरचा. दोघेही हेडफोनवर असतील तर एको कॅन्सलेशनची खूण काढून टाका. एकजण जरी स्पीकरवर असेल तरी काढू नका, नाहीतर आगीतून फुफाट्यात.

वायरचा का, तर ब्लूटूथ हेडफोन गाणी ऐकताना कितीही गोड वाटला तरी त्याचा माइक चालू झाला की तो फोनच्या बोलण्याच्या पद्धतीवर उतरतो. जुन्या पद्धतीत आवाज 8 किलोहर्ट्झने घेतला जातो, जरा सुधारलेल्या पद्धतीत 16 ने. घेण्याचा वेग जेवढा असतो त्याच्या निम्म्यापर्यंतच कंपनं पोचतात, म्हणजे 4 किंवा 8 किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापलं. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा झंकार, आणि तबल्याच्या काठावरच्या चाटीची धार यांचा काही भाग तिथेच वर असतो. शिवाय ब्लूटूथ स्वतःचा उशीर लावतं तो वेगळाच.

हेडफोन घेताना पिन बघा. पिनवर दोन काळ्या रेघा असतील तर तो नुसता ऐकायचा. तीन रेघा असतील तर वायरवर माइक आहे. फोनला तीन रेघांचा लावला की फोन स्वतःचा माइक बंद करून वायरवरचा घेतो आणि तो साडीच्या पदरावर किंवा शर्टाच्या बटणावर खरखरत राहतो. तबला शिकणाऱ्याने तर तो अजिबात लावू नये. दोन रेघांचा लावला की आवाज कानात येतो आणि माइक फोनचाच राहतो. आपल्याला तेच हवं. ही पिन बदलली की अर्धे रोग बरे होतात, आणि दुकानदाराला हे सांगावं लागतं, कारण तो आपणहून माइकवालाच काढून देतो.

झूममध्ये सगळं केलं तरी तानपुरा विरतोच आहे, अशी वेळ येते. तेव्हा समजायचं की झूमच्या खाली आणखी कुणीतरी बसलेला आहे. विंडोज लॅपटॉपवर साउंड सेटिंग्जमध्ये तुमच्या माइकवर क्लिक केलं की ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ असा रकाना येतो. तो ऑफ करा. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्याही आपापलं आवाज सुधारणारं अ‍ॅप आत टाकून देतात, तेही शोधून बंद करा. आयफोन, आयपॅड आणि मॅकवर 2021 पासून माइक मोड आले आहेत. कॉल चालू असताना कंट्रोल सेंटर उघडलं तर ‘स्टँडर्ड’, ‘व्हॉइस आयसोलेशन’ आणि ‘वाइड स्पेक्ट्रम’ असे पर्याय दिसतात. व्हॉइस आयसोलेशन असेल तर झूमला तानपुरा मिळतच नाही, मग झूम तरी काय करणार? स्टँडर्ड ठेवा. परदेशातल्या विद्यार्थ्यांकडे आयपॅड बरेच असतात, त्यामुळे त्यांच्याकडे आधी हेच विचारा.

विंडोजची आणखी एक खोड सांगतो. तुम्ही तानपुऱ्याचं अ‍ॅप त्याच लॅपटॉपवर लावत असाल आणि मीटिंग सुरू झाली की तुम्हालाच तो बारीक ऐकू येत असेल, तर कारण हे: विंडोजला वाटतं तुम्ही फोनवर बोलताय, म्हणून ते बाकीचे आवाज 80 टक्क्यांनी कमी करतं. जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड उघडा, ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर जा आणि ‘डू नथिंग’ निवडा.

तपासायची पद्धत सोपी आहे. आपलाच दुसरा फोन मीटिंगमध्ये घाला, त्याचा माइक बंद ठेवा, त्याला हेडफोन लावून घरातल्या कुणालातरी आतल्या खोलीत बसवा. तुम्ही काही न गाता फक्त तानपुरा अर्धा मिनिट लावून ठेवा. शेवटपर्यंत तसाच ऐकू आला तर गोंगाट काढणारे सगळे बंद झाले. विरला तर अजून कुठेतरी एक शिल्लक आहे. मग एकच सूर मोठ्याने सुरू करून हळूहळू बारीक करत न्या. ऐकणाऱ्याला तो बारीक होताना कळला पाहिजे. शेवटी डग्ग्यावर एक घुमारा द्या. इथे फसगत होते ती ऐकणाऱ्याच्या बाजूने. डग्ग्याचा खर्ज शंभर हर्ट्झच्या आसपास किंवा त्याखालीही असतो, आणि फोनच्या किंवा लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरला एवढं खाली जाताच येत नाही. तुमच्याकडून पाठवण्यात काही कमी नसतं. विद्यार्थ्याने हेडफोन लावला की डग्गा हजर. तबल्याच्या शिक्षकांनी हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगावं, नाहीतर मूल सहा महिने नुसती चाट ऐकत शिकतं आणि मग म्हणतात डाव्या हाताला वजन नाही.

आता मदतनीस गेले, म्हणजे त्यांचं काम आपल्या अंगावर आलं. ओरिजिनल साउंड चालू केल्यावर तुमच्या घरातलं सगळं पोचायला लागेल: सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पों-पों, मासळीवाल्याच्या स्कूटरचा हॉर्न, स्वयंपाकघरातला मिक्सर. आणि पाऊस. आपल्याकडे वर्षाला साधारण 3,000 मिलिमीटर पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. पडवीवर पत्रा असेल तर त्याचा ताशा. यावर सेटिंग नाही, जागा बदलणं हाच उपाय. जुनं घर असेल तर राजांगणाच्या बाजूची खोली टाळा, उघड्या अंगणात पडणाऱ्या पाण्याचा आवाज खोलीभर घुमतो. ज्या खोलीवर माळा आहे आणि जिच्या भिंती बाहेर उघड्या नाहीत, ती शोधा. मग ती धान्याची कोठी का असेना. गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या चिऱ्याच्या भिंती असतील तर आवाज आपटून फिरतो. समोरच्या भिंतीवर एक जाड गोधडी टांगा, खाली सतरंजी घाला. दिसायला बरं दिसणार नाही, पण ऐकणाऱ्याला फरक लगेच कळेल.

माइक तोंडाच्या जवळ आणा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज माइकमध्ये सहा डेसिबलने वाढतो, पाऊस मात्र तेवढाच राहतो. तोंडापासून वीतभर अंतर ठेवा, आणि अगदी समोर न धरता जरा तिरका, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’चे फटके बसत नाहीत. माइक पेटीवर किंवा पेटीच्या टेबलावर ठेवू नका, भात्याचा प्रत्येक धक्का त्यात जातो. स्टँड जमिनीवर. पेटी मोठी आणि गळा लहान वाटत असेल तर माइक गळ्याच्या बाजूला आणि पेटीपासून दूर सरकवा. दोन माइक आणि मिक्सर याच्या नादाला इतक्यात लागू नका.

आता मला फार आवडणारी एक भानगड. लॅपटॉप चार्जरवर असताना बारीक गुंजन येतं का? घरच्या विजेची कंपनं सेकंदाला 50, आणि गुंजनात त्याची दुप्पट म्हणजे 100 हर्ट्झ ठळक असते. पांढरी पाचचा खालचा षड्ज 98 हर्ट्झचा. म्हणजे पांढरी पाचमध्ये गाणाऱ्याच्या कानाशी चार्जर अखंड एक जरासा चढा षड्ज धरून बसतो. विद्यार्थी हळूहळू चढा व्हायला लागतो आणि गुरूला कळत नाही हे पोरगं आज असं का करतंय. वर्गापुरता चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. दोन पिनांच्या चार्जरवर, अर्थिंग नसलेल्या बोर्डावर, आणि दिवे गेले की लागणाऱ्या स्वस्त इन्व्हर्टरवर हे गुंजन हमखास येतं.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर, सगळ्या पेट्या काही 440 ला, म्हणजे पांढरी सहा 440 हर्ट्झची या ठरलेल्या मापाला, मिळवलेल्या नसतात. तुमची पेटी काळी चारला थोडी चढी असेल आणि दुबईच्या विद्यार्थ्याचं अ‍ॅप चोख 440 चं असेल, तर तो दोन षड्जांमध्ये लटकतो. तानपुऱ्याच्या चांगल्या अ‍ॅपमध्ये पट्टी बारीक सरकवायची सोय असते. तुमच्या पेटीवर अ‍ॅप मिळवा, आकडा वहीत लिहा आणि सगळ्या विद्यार्थ्यांना तोच लावायला सांगा.

राहिला ठेका. इथे मी तुम्हाला काही विकू शकत नाही, कारण हे कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. हवेत आवाज एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर जातो. बैठकीत तबलजी चार-पाच फुटांवर असतो, म्हणजे चार-पाच मिलिसेकंदांचा उशीर. तो कुणालाच जाणवत नाही. पंचवीस-तीसच्या पुढे गेलं की बरोबर वाजवणं अवघड होतं. झूमवर एका बाजूचा उशीर सहज 150 चा असतो. म्हणजे तबलजी पन्नास मीटर लांब, देवळाच्या पार त्या टोकाला बसलेला. नुसतं अंतर धरलं तरी गोवा ते लंडन सरळ रेषेत सुमारे 7,500 किलोमीटर आहे, आणि काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. केबल कधी सरळ रेषेत जात नाही, पण गेली असं धरलं तरी 37-38 मिलिसेकंद तिथेच संपले. लयकारीसाठी गाजलेल्या लयभास्कर खाप्रुमाम पर्वतकरांना बसवलं असतं तरी त्यांनी या वायरपुढे हात टेकले असते.

तुमच्या वर्गात काय होतं ते बघा. द्रुत तीनताल, मिनिटाला 240 मात्रा, म्हणजे एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. तुम्ही ‘धा’ दिलात. तो विद्यार्थ्याकडे 150 ने पोचला. त्याने अगदी त्याच्यावर सम गाठली. ती सम तुमच्याकडे यायला आणखी 150. तुमच्या कानाला तो 300 ने, म्हणजे एका मात्रेहूनही जास्त उशिरा आला. तो अचूक होता आणि तुम्ही त्याला रागावलात! मग तुम्ही नकळत त्याच्यासाठी लय जरा सैल करता, त्याला तुमची सैल झालेली लय ऐकू येते, तो आणखी सैल होतो. ठेका मागे पडतो तो असा, दोघांच्या चांगुलपणाने.

म्हणून नियम एवढाच: जो गाईल त्याच्या खोलीत तानपुरा आणि ठेका वाजला पाहिजे. विद्यार्थी गाताना ठेका त्याच्याकडच्या अ‍ॅपवर, दुसऱ्या फोनवर, त्याच्या माइकला ऐकू जाईल असा लावायचा. तो तुमच्याकडे उशिरा येतो, पण गळा आणि ठेका दोन्ही सारखेच उशिरा येतात. सम कुठे पडली ते तुम्हाला नेमकं कळतं. तुमच्या बाजूला तेव्हा शांतता ठेवा. हातावर टाळीसुद्धा नको. तुम्ही गाऊन दाखवाल तेव्हा तुमच्याकडे ठेका, आणि विद्यार्थ्याने माइक बंद करून तुमच्याबरोबर म्हणायचं. तो बरोबर म्हणतोय की नाही हे तुम्हाला त्या क्षणी ऐकू येणार नाही, ते लगेच नंतर एकट्याने म्हणवून घ्या. सुरुवातीला हे तुटक वाटतं. पण शिष्याला एकट्याने म्हणावं लागतं, गुरूच्या गळ्याच्या आडोशाला लपता येत नाही. काही शिक्षकांना मी समोरासमोरच्या वर्गातही हे चालू करताना पाहिलं आहे.

जुनं रेकॉर्डिंग ऐकवायचं असेल तर स्पीकरवर लावून माइकसमोर धरू नका. झूमच्या शेअर बटणात कॉम्प्युटरचा आवाज शेअर करायची सोय आहे, त्यातून तो आतल्या आत, स्वच्छ जातो.

खरंच दोन ठिकाणांहून एकत्र वाजवायचं असेल तर त्यासाठी जॅमुलस आणि जॅकट्रिप अशी वेगळी सॉफ्टवेअर आहेत. ती उशीर कमीत कमी ठेवण्यासाठीच बनवली आहेत. त्यांना वाय-फाय चालत नाही, वायर लागते, शक्यतो बाहेरचं ऑडिओ इंटरफेस लागतं, आणि अंतर काही शे किलोमीटरच्या आत हवं. पणजी ते पुणे प्रयत्न करण्यासारखा आहे. दुबईचं नाव काढू नका.

इंटरनेट बदलू नका असं वर म्हटलं, पण वाय-फाय मात्र सोडा. आपल्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून ते मरतमरत येतं, आणि आवाजाचे तुकडे कुठे हरवतात ते बोलण्यात कळत नाही, गाण्यात लगेच टोचतं. राउटरपासून तुमच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढून घ्या. लॅपटॉपला ती जागा नसेल तर छोटं यूएसबी अडॅप्टर मिळतं. तेही जमत नसेल तर तान सुरू झाली की दोघांनीही व्हिडिओ बंद करा.

फोनवरून शिकणाऱ्यांसाठी शेवटचं: झूमच्या मोबाइल अ‍ॅपमध्येही मीटिंगच्या सेटिंगमध्ये ओरिजिनल ऑडिओ वापरायची सोय आहे. ती चालू केल्यावर वर्गात स्क्रीनवर त्याचं बटण येतं, ते दर वेळी दाबावं लागतं. तुमच्या लंडनच्या विद्यार्थ्याकडे लॅपटॉप नसेल तर आधी दोन रेघांचा हेडफोन, मग हे बटण, आणि फोन हातात न धरता स्टँडवर, चेहऱ्यापासून हातभर. एवढं करून त्याच्याकडचा तानपुरा अर्धा मिनिट ऐका. तरीही विरत असेल तर त्याच्या फोनचं मॉडेल आणि झूमची आवृत्ती मला कळवा, पुढचं बघू.